डिग्लुटिशन म्हणजे गिळणे : एका वैद्यकीय शब्दाचा अर्थ व उपयोग

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत कोणी संस्थापकांच्या आठवणी लिहील, कोणी शिष्यवृत्त्यांचा आणि वसतिगृहाचा इतिहास सांगेल. संपादक मंडळाने मला विषयाची मोकळीक दिली, म्हणून मी फक्त एक शब्द घेतला आहे. तो मराठी नाही आणि बोलण्यातला तर मुळीच नाही. रुग्णालयातील कागदावर तो भेटतो आणि बहुधा घाईच्या अक्षरात असतो. तो शब्द म्हणजे 'डिग्लुटिशन'. त्याचा अर्थ एवढाच की, गिळणे.

एवढ्या सोप्या अर्थासाठी चार पाने कशाला, असे वाचक म्हणतील. माझे उत्तर असे की, हा अर्थ मला हवा त्या रात्री ठाऊक नव्हता आणि त्याची झळ माझ्या आईला सोसावी लागली. मी वैद्य नव्हे. चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत मी गणित व शास्त्र शिकवले. पचनसंस्थेचा धडा दरवर्षी शिकवताना गिळण्याच्या वाट्याला माझे एकच वाक्य येत असे : "चावलेला घास अन्ननलिकेतून जठरात जातो." त्या वाक्यात किती गोष्टी दडल्या आहेत, हे मी पुढे शिकलो. तेच येथे सांगतो.

एका रात्रीची गोष्ट

२०११ सालच्या पावसाळ्यात आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. वय शहात्तर. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे अस्पष्ट झाले, पण शुद्ध चांगली होती. गावातीलच एका रुग्णालयात तिला ठेवले. संध्याकाळी परिचारिकेने माझ्या धाकट्या भावास सांगितले होते की, आजींना तोंडाने काहीही देऊ नका. रात्री पाळी बदलली, भाऊ घरी गेला, मी बसलो. मुलांच्या परीक्षा, भाचीचा प्रवास, उद्याचा डबा, सगळे निरोप त्याने दिले. तेवढा एक राहिला.

मध्यरात्रीच्या सुमारास आईने ओठांकडे बोट नेले. ओठ कोरडे पडले होते. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला कागद मी वाचून पाहिला. त्यावर लिहिले होते : "डिग्लुटिशन इम्पेअर्ड. एन. बी. एम. टिल रिव्ह्यू." एन. बी. एम. ही एखादी तपासणी असावी, असे वाटले. डिग्लुटिशनचा मात्र मी शास्त्रशिक्षकाच्या ऐटीत अर्थ लावला. 'डी' म्हणजे कमी होणे, जसे डिहायड्रेशनमध्ये पाणी कमी होते. 'ग्लु' म्हणजे ग्लुकोज. तेव्हा आईच्या अंगातील साखर उतरली आहे, असा निष्कर्ष निघाला. चहासाठी आणलेली साखर पिशवीत होतीच. पेल्यात साखरपाणी केले आणि निजलेल्या आईला चार-पाच चमचे पाजले. तिने ते घेतले. ठसका लागला नाही, खोकला आला नाही. आईला तरतरी येईल, ह्या समाधानात मी पहाटेपर्यंत जागलो.

सकाळी तिचा आवाज ओला झाला होता, गुळणी तोंडात धरून बोलावे तसा. तिसऱ्या दिवशी ताप चढला. क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सावली दिसली. फुप्फुसदाह झाला होता. मी डॉक्टरांना सगळे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या साखरपाण्यानेच हे झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. अशा रुग्णांची स्वतःची लाळही आत उतरते. पण तोंडाने काही द्यायचे नव्हते, एवढे खरे." एन. बी. एम. म्हणजे तोंडाने काही नाही, हे मला तेव्हा कळले. आईचा रुग्णालयातील मुक्काम बावीस दिवसांचा झाला.

शब्दाची फोड

मी लावलेला अर्थ कोठे चुकला ते आधी पाहू. डिग्लुटिशन हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने आला. लॅटिनमध्ये 'ग्लुटिरे' म्हणजे गिळणे. खादाड माणसाला इंग्रजीत 'ग्लटन' म्हणतात, तोही त्याच कुळातला. मागे लागलेला 'डे' हा उपसर्ग येथे कमी होणे दाखवीत नाही, खाली जाणे दाखवतो. तेव्हा घास खाली उतरवणे हा मूळ अर्थ. ग्लुकोजमधील 'ग्लु'चा ह्याच्याशी काहीही संबंध नाही. तो ग्रीक भाषेतील गोड ह्या अर्थाच्या शब्दातून आला आहे. सारखे अक्षर दिसले म्हणून अर्थ सारखा धरू नये, हा धडा मी मुलांना शिकवत असे आणि स्वतः मात्र विसरलो.

आपल्या भाषेत ह्या क्रियेसाठी शब्दांची उणीव नाही. संस्कृतात 'गिरति' आणि 'गिलति' अशी दोन्ही रूपे आहेत, त्यांतून आपले 'गिळणे' आले. ह्याच धातूपासून झालेला 'निगरण' हा शब्द डिग्लुटिशनसाठी पारिभाषिक म्हणून वापरतात. संस्कृत 'ग्रास' मराठीत 'घास' झाला. मूळ रूप आपण 'खग्रास' ग्रहणात आणि 'गोग्रासा'त अजून जपले आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या नातेवाइकांना तर घास म्हटले की हिंदी शेजारी गवत समजतात, ह्याचा अनुभव आहे. घशाच्या पोकळीला शास्त्रात 'ग्रसनी' म्हणतात, तीही त्याच ग्रासाची. येथे बेळगावात कानडी शेजाऱ्यांचा शब्द 'नुंगु'.

शिवाय द्रव पदार्थाचा घोट, रडू आवरताना गिळलेला आवंढा, एकदम पोटात टाकलेले मटकावणे, चुकीच्या वाटेने गेलेल्या थेंबाचा ठसका. प्रत्येकासाठी निराळा शब्द ज्या भाषेने ठेवला, ती बोलणाऱ्यांनी ह्या क्रियेकडे पूर्वी बारकाईने पाहिले असले पाहिजे. आयुर्वेदानेही पाहिले होते. अष्टांगहृदयात अन्न आत नेण्याचे काम प्राणवायूकडे दिले आहे. श्वास आणि घास यांची जागा एकाच घरात आहे, हे त्या मांडणीतून सुचते, आणि पुढे दिसेल की खरी अडचण तेथेच आहे.

तीन पायऱ्या

वाचकांनी हे वाचताना हाताशी पाण्याचा पेला घ्यावा, म्हणजे विषय चटकन समजेल. सरळ बसावे. एक बोट कंठमण्यावर हलके ठेवून एक घोट घ्यावा. कंठमणी वर उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो, हे बोटाला कळेल. आता दुसरा प्रयोग, पाण्यावाचून. गिळता गिळता श्वास घेण्याचा प्रयत्न करावा. तो जमणार नाही. गिळण्याच्या क्षणी श्वास आपोआप थांबतो. तिसरा प्रयोग, तोंड उघडे ठेवून आवंढा गिळून पाहावा. किती अवघड जाते ते दिसेल, कारण ओठ व जबडा मिटल्याशिवाय जिभेला नीट जोर धरता येत नाही.

आता पायऱ्या पाहू. पहिली पायरी तोंडातली. दात चावतात, लाळ मिसळते, जीभ त्या सगळ्याचा गोळा करून टाळूला दाबत मागे सारते. ही पायरी आपल्या इच्छेवर आहे. घास तोंडात धरता येतो, थुंकता येतो, पुन्हा चावता येतो.

दुसरी पायरी घशातली, म्हणजे ग्रसनीतली. ती साधारण एका सेकंदात पुरी होते आणि एकदा सुरू झाली की आपल्या हाती राहत नाही. तेवढ्या वेळात पडजिभेसह मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो. स्वरतंतू एकमेकांस भिडतात. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, तेच आपल्या बोटाला कळले. त्याच्यावरचे पानासारखे झाकण मागे कलते. श्वास थांबतो. अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला स्नायू सैल पडतो आणि घास आत ढकलला जातो.

तिसरी पायरी अन्ननलिकेची. प्रौढ माणसाची ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या भिंतीतील स्नायूंची लाट घासाला मागून दाबत दाबत जठरापर्यंत नेते. घट्ट घासाला ह्या प्रवासाला आठ-दहा सेकंद लागतात. वजनामुळे घास खाली पडतो असे आपण समजतो, पण मुख्य काम लाटेचे आहे. म्हणूनच खाली वाकून ओंजळीने झऱ्याचे पाणी पिणाऱ्याचेही पाणी वर चढून पोटात जाते.

ह्या तिन्ही पायऱ्यांत मिळून तिसाहून अधिक स्नायू कामाला लागतात. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी निदान पाच जोड्या त्यांना हुकूम पोचवतात. सगळ्याचा मेळ घालणारे केंद्र मेंदूच्या देठात, मज्जारज्जूच्या वरच्या टोकापाशी आहे. मूल आईच्या पोटात असतानाच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून, गिळू लागते. मात्र चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा ताल साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळाला काही दिवस नळीने दूध द्यावे लागते.

फाटकाची अडचण

आता मुख्य मुद्दा. नाकातून येणारी हवा पुढच्या नळीत, म्हणजे श्वासनलिकेत जायची असते. तोंडातून येणारा घास मागच्या नळीत, म्हणजे अन्ननलिकेत जायचा असतो. नाक वर व मागे, तोंड खाली व पुढे. त्यामुळे दोन्ही वाटा घशात एकमेकींस ओलांडतात. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी सायकल धरून ज्यांनी वाट पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. गाडी जाताना रस्ता बंद, रस्ता चालू असताना गाडी नाही. घशात हे फाटक दिवसातून शेकडो वेळा पडते आणि उघडते, कारण जेवणाव्यतिरिक्त आपण लाळही सतत गिळत असतो. झोपेतसुद्धा, जरी पुष्कळ कमी वेळा.

फाटक पडायला किंचित उशीर झाला की थेंब श्वासाच्या वाटेला लागतो. तेव्हा ठसका लागतो. कोणी आठवण काढली म्हणून आपण हसतो, पण तो ठसका म्हणजे पहारेकऱ्याची हाक आहे. अर्धांगवायूत फाटक सावकाश पडते, अर्धवट पडते, आणि कधी कधी पहारेकरीही झोपी जातो. थेंब आत उतरतो, पण खोकला येत नाही. ह्याला मूक प्रवेश म्हणावे. माझी आई खोकली नाही, ह्याचा अर्थ मी "पाणी नीट उतरले" असा घेतला होता. खरा अर्थ उलटा असू शकत होता.

हे ज्ञान कसे मिळाले

गिळण्याच्या अशा तीन पायऱ्या मांडण्याचे श्रेय फ्रान्सचा शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी याला देतात. १८१३ साली त्याने स्वरयंत्रावरच्या झाकणाविषयी निबंध लिहिला. तोवर समजूत अशी की, ते झाकणच श्वासमार्गाचे एकमेव रक्षण करते. झाकण काढलेले प्राणीही गिळू शकतात, हे त्याने दाखवले. म्हणजे रक्षणाचा मोठा भार स्वरयंत्राच्या स्वतःच्या मिटण्यावर आहे.

पण चालू गिळणे डोळ्यांनी पाहायचे कसे? १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८९६ मध्ये, अमेरिकेत हार्वर्ड येथे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या वॉल्टर कॅनन ह्या विद्यार्थ्याने क्ष-किरणांच्या पडद्यावर प्राण्याच्या अन्ननलिकेतून जाणारी वस्तू पाहिली. हंसजातीच्या पक्ष्याची मान लांब म्हणून तो निवडला, मान स्थिर राहावी म्हणून तिच्याभोवती पुठ्ठ्याची उंच पट्टी गुंडाळली आणि किरणांना अडवणारा बिस्मथ खाऊ घातला. १८९८ साली त्याचे व त्याचा सहकारी मोझर याचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. आज रुग्णालयात रुग्णाला बेरियमचा पांढरा घोट देऊन पडद्यावर पाहतात, त्या तपासणीची सुरुवात अशी त्या पक्ष्यापासून झाली.

ह्या तपासणीचा उपयोग निदानापुरता न ठेवता, रुग्ण काय खाऊ शकेल आणि कोणत्या बैठकीत, हे ठरवण्यासाठी करण्याची पद्धत अमेरिकेतील जेरी लोगमन ह्या वाचातज्ज्ञ विदुषीने रूढ केली. त्यांचा ग्रंथ १९८३ साली निघाला. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहण्याची रीत सुझन लँगमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली. म्हणून आज गिळण्याची परीक्षा व शिकवणी बहुतेक ठिकाणी वाचातज्ज्ञ करतात. बोलणे सुधारणारा माणूस घास का पाहतो, असा प्रश्न पडतो. पण बोलणे आणि गिळणे ह्या दोहोंची हत्यारे एकच आहेत : ओठ, जीभ, टाळू आणि स्वरयंत्र.

कागदावर भेटणारे शब्द

डिग्लुटिशन हे रोगाचे नाव नाही, क्रियेचे नाव आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे. कागदावर "डिग्लुटिशन नॉर्मल" असले तर चिंता नाही. त्यापुढे "इम्पेअर्ड" असेल तर गिळणे बिघडले आहे, आणि लगेच विचारावे : तोंडाने काय द्यायचे, कसे द्यायचे, कोणी द्यायचे?

गिळण्याच्या अडचणीला 'डिस्फेजिया' म्हणतात. ग्रीक भाषेत 'फागेइन' म्हणजे खाणे. ह्याच्याशी फार मिळताजुळता दुसरा शब्द 'डिस्फेसिया'. त्याचा अर्थ मेंदूच्या दुखापतीमुळे भाषा बिघडणे. इंग्रजीत दोहोंत एकाच अक्षराचा फरक आहे आणि अर्धांगवायूच्या एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. घाईचे अक्षर असेल तर अंदाज करू नये, विचारून घ्यावे. गिळताना दुखत असेल तर तो 'ओडिनोफेजिया'. अन्न, पाणी किंवा लाळ स्वरतंतूंच्या खाली श्वासमार्गात उतरणे म्हणजे 'ॲस्पिरेशन'. शाळेत आपण त्या शब्दाचा अर्थ आकांक्षा असा शिकवतो. रुग्णालयात तो अर्थ चालत नाही. 'राईल्स ट्यूब' म्हणजे नाकातून जठरात घातलेली अन्नाची नळी.

डॉक्टरांना सांगताना आपणही नेमके बोलावे. "घशाखाली उतरत नाही" एवढे पुरेसे नाही. आधी भाकरी अडकू लागली, मग भात, मग पेज, असा क्रम असेल तर अन्ननलिकेची वाट अरुंद होत आहे, असा संशय येतो. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी लांबवू नये, विशेषतः वजन उतरत असेल किंवा तंबाखूची सवय असेल तर. उलट घट्ट घास जमतो पण पाण्यानेच ठसका लागतो, असे असेल तर नसा व स्नायूंच्या मेळात बिघाड असण्याचा संभव अधिक. पाणी पातळ, धावरे. फाटक पडण्याआधीच ते चौकात पोचते.

म्हणूनच कधी कधी तज्ज्ञ द्रव दाट करून द्यायला सांगतात. पातळ आणि दाट यांचे माप घरोघर वेगळे. म्हणून २०१३ साली स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय गटाने साध्या पाण्यापासून नेहमीच्या जेवणापर्यंत ० ते ७ अशा आठ पायऱ्या ठरवल्या. द्रवाची परीक्षा १० मिलिलिटरच्या ठरावीक मापाच्या पिचकारीने होते. ती भरून दहा सेकंद गळू द्यायची. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर पायरी ०, १ ते ४ उरले तर १, ४ ते ८ उरले तर २. आमची नाचणीची आंबील एका दिवशी एका पायरीची आणि दुसऱ्या दिवशी दुसरीची होत असे, हे मी पुढे करून पाहिले आहे. मात्र दाट करण्याचा निर्णय तज्ज्ञाचा, घरच्यांचा नव्हे. काहींना त्याने उपयोग होत नाही आणि पाणी कमी प्यायले जाऊन दुसरेच दुखणे उभे राहते.

घरच्यांनी काय करावे

अर्धांगवायूच्या सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याची काही ना काही अडचण असते. त्यांतील पुष्कळांची पहिल्या काही आठवड्यांत सुधारते. तेव्हा हा काळ सांभाळणे महत्त्वाचे. कंपवात, स्मृतिभ्रंश व अति वार्धक्य यांतही अशीच दक्षता लागते.

लक्षणे ही पाहावीत. खाताना किंवा खाल्ल्यावर खोकला, जेवणानंतर ओला आवाज, गालात राहिलेला घास, तोंडातून गळणारी लाळ, पूर्वी वीस मिनिटांत होणारे जेवण तासभर लांबणे, कारण न समजता पुन्हा पुन्हा येणारा ताप.

तज्ज्ञाने तोंडाने द्यायला परवानगी दिल्यावर भरवताना पुढील नियम पाळावेत. रुग्ण पूर्ण जागा असावा. पेंगणाऱ्याला भरवू नये. त्याला ताठ बसवावे, आणि जेवणानंतरही अर्धा तास तसेच ठेवावे. भरवणाऱ्याने उभे राहून वरून चमचा देऊ नये, कारण रुग्ण वर पाहतो, मान मागे जाते आणि श्वासाची वाट अधिक उघडी पडते. समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. ठसका लागला की "वर बघ, वर बघ" म्हणण्याची आपली सवय येथे सोडावी. त्याला पुढे वाकून खोकू द्यावे. चमचा लहान असावा, आणि कंठमणी वर जाऊन खाली आल्याशिवाय दुसरा घास देऊ नये. भरवताना त्याला बोलते करू नये. चहात बुडवलेले बिस्किट, रश्शातली भाजी यांत पातळ आणि घट्ट एकत्र असतात, ते सर्वांत अवघड. गोळ्या विचारल्याशिवाय कुटून देऊ नयेत. काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात.

आणखी एक, जे आम्ही फार उशिरा शिकलो. तोंडाने काही द्यायचे नसले तरी तोंड स्वच्छ ठेवायचेच असते. लाळ तर आत उतरतेच. तिच्यासोबत जंतू किती उतरायचे, ते तोंडाच्या स्वच्छतेवर अवलंबून. आईने ओठांकडे बोट नेले, तेव्हा ओल्या कापसाने ओठ व जीभ टिपली असती तर तिची तहान बरीच भागली असती. मला ते सुचले नाही, आणि मी कोणाला विचारलेही नाही.

ह्या ठिकाणी एक नाजूक गोष्ट लिहितो. आजाऱ्याच्या तोंडात पाणी घालणे हे आपल्याकडे मायेचे, आणि शेवटच्या क्षणी पुण्याचे कृत्य मानतात. ती भावना मला मान्य आहे. पण जो बरा होऊ शकतो, त्याला निजवून पाजलेले चमचाभर पाणी माया ठरेलच असे नाही. तेथे विचारणे हीच माया.

शेवटी

आईचा ताप उतरल्यावर एक तरुण वाचातज्ज्ञ रोज येऊ लागली. एक कानडी परिचारिका तिला मदत करी. सतराव्या दिवशी आईला ताठ बसवून अर्धा चमचा दाट पेज दिली. परिचारिका कंठमण्याकडे पाहत म्हणत होती, "नुंग्री, आयी, नुंग्री." आईने डोळे मिटले, कंठमणी सावकाश वर गेला आणि खाली आला. मग तिला "आ" म्हणायला सांगितले. आवाज स्वच्छ होता. चौतीस वर्षे एका वाक्यात उरकलेला धडा मी त्या खाटेपाशी उभा राहून पुन्हा शिकलो.

घरी आणल्यावर आपल्या न्यासाच्या रुग्णसाहित्य कक्षातून पाठ उचलता येणारी खाट मिळाली. त्या खाटेवर ताठ बसून आईने पुढे तीन वर्षे गुरगुट्या भात व वरण खाल्ले, आणि सणाच्या दिवशी हट्टाने पुरणही मऊ करून घेतले. त्या खाटेचे ऋण मी मानतो, आणि त्या ऋणापोटीच एक सूचना विश्वस्तांपुढे ठेवतो. न्यासातून जाणाऱ्या प्रत्येक खाटेला एक पाटी असावी. तिच्यावर मराठीत व कानडीत, मोठ्या अक्षरांत, तीन ओळींची जागा असावी : तोंडाने द्यायचे की नाही, द्यायचे तर काय व किती दाट, कोणत्या बैठकीत. डॉक्टरांना विचारून घरच्यांनी ती भरावी. म्हणजे रात्री पाळी बदलली, निरोप सांगायचा राहिला, तरी पाटी सांगेल. पहिल्या दहा पाट्यांचा खर्च मी देईन आणि अक्षरेही मीच काढीन. फळ्यावर लिहिण्याची सवय अजून गेलेली नाही.